आई-बाबांना नायगारा दाखवायचाय? मग गाडी काढायच्या आधी हे वाचा

भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात विषय निघतोच, नायगाराला कधी जायचं. आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला राहतो, आणि आत्तापर्यंत माझे आई-बाबा, सासू-सासरे, नवऱ्याची मावशी असे मिळून चार वेळा नायगाराला जाऊन आलो. पहिली खेप वाईट झाली होती. एका टूरच्या बसने नेलं होतं दोघांना, पहाटे निघालो, वाटेत तीन ठिकाणी थांबे, पोचलो तेव्हा साडेचार वाजलेले, आणि गाईडने सांगितलं की दोन तासांत सगळे बसपाशी या. धबधब्याजवळ नेणाऱ्या बोटीच्या रांगेतच सव्वा तास गेला. आईचे गुडघे दुखत होते, ती म्हणाली तुम्ही जाऊन या मी इथेच बसते, आणि जिच्यासाठी एवढं केलं ती पार्किंगजवळच्या बाकावर बसून राहिली. परत येताना बसमध्ये ती काहीच बोलली नाही आणि मला ते फार लागलं. पुढच्या वर्षी ते दोघं पुन्हा आले तेव्हा आमच्या गाडीने, रात्रीचा मुक्काम धरून, त्यांच्या चालीने सगळं परत केलं. त्या आणि त्यानंतरच्या खेपांमधून जे कळलं ते सगळं इथे क्रमाने लिहितेय.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: एक रात्र तिथे राहा. एका दिवसात जाऊन यायचं डोक्यातून काढून टाका, जाताना सात तास आणि येताना सात तास गाडीत बसून साठी-सत्तरीतल्या माणसाला धबधबा बघायचं त्राणच उरत नाही.

पायरी १: व्हिसा आणि कागदपत्रं

नायगारा नदी म्हणजे अमेरिका आणि कॅनडाची सीमा. समोरच्या काठावर कॅनडा दिसतो, मध्ये रेनबो ब्रिज आहे, चालतसुद्धा जाता येतं. पण भारतीय पासपोर्टवर अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांना तिकडे जायला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे मग कॅनडात सोडतील ना, हा प्रश्न मला प्रत्येक वेळी कोणीतरी विचारतं, तर नाही, सोडत नाहीत. एच-वन, म्हणजे नोकरीच्या व्हिसावाल्यांनाही लागतो. ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवं. कॅनडाची बाजू करायचीच असेल तर आई-बाबा भारतात असतानाच अर्ज करून टाका. इथे आल्यावरही करता येतो, बोटांचे ठसे अमेरिकेतच देता येतात, पण त्यांच्या सहा महिन्यांतले आठवडे उत्तराची वाट बघण्यात जातात. आणि तुमच्या स्वतःच्या पासपोर्टवरचा अमेरिकेच्या व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असेल तर पूल ओलांडायच्या आधी कंपनीच्या वकिलाशी बोला, मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका.

आम्ही चारही वेळा फक्त अमेरिकेची बाजू केली. खरं सांगायचं तर समोरून पूर्ण देखावा कॅनडातून जास्त चांगला दिसतो, धबधब्यांचं तोंडच तिकडे आहे. पण पाण्याच्या जितकं जवळ अमेरिकेच्या बाजूने जाता येतं ना, त्याला तोड नाही. व्हिसा नाही म्हणून हळहळत बसू नका.

फक्त अमेरिकेच्या बाजूला जात असाल तरी सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीची, प्रिंट बरोबर ठेवा. सीमेचा भाग आहे, विचारलं तर दाखवता आलं पाहिजे, फोनमधला फोटो पुरेसा समजू नका.

पायरी २: कधी जायचं

बोटी साधारण एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये सुरू होतात, नदीतला बर्फ कधी हटतो त्यावर ते असतं, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतात. आई-बाबांसाठी जून किंवा सप्टेंबर बेस्ट. मेमध्ये तुषार अंगावर आले की हुडहुडी भरते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवा छान पण गर्दी बेसुमार. मेमोरियल डे, ४ जुलै आणि लेबर डे हे तीन लाँग वीकएंड तर टाळाच, हॉटेलचे दर दुप्पट आणि रांगा तिप्पट. तुम्हाला एक-दोन सुट्ट्या टाकता येत असतील तर मंगळवार-बुधवार जा.

पायरी ३: हॉटेल

इथे पैसे वाचवायला जाऊ नका. बफेलोमध्ये किंवा ग्रँड आयलंडवर स्वस्त हॉटेलं मिळतात, बफेलो अर्ध्या तासावर आहे, आणि वाटतं की गाडी आहेच ना. पण मग रात्रीची रोषणाई बघायला परत गाडी काढा, परत पार्किंगचे पैसे भरा, आणि आई म्हणते जाऊ दे आता दमले मी. धबधब्याभोवतीच्या स्टेट पार्कपासून चालत जाता येईल असं हॉटेल घ्या, प्रॉस्पेक्ट स्ट्रीट, ओल्ड फॉल्स स्ट्रीट या भागात बरीच आहेत. एकदा गाडी लावली की दुपारी थोडं पडायला खोलीवर येता येतं, औषधाची वेळ पाळता येते, बाथरूम हाताशी. बुक करताना लिफ्ट आहे का आणि पार्किंगचे वेगळे पैसे आहेत का ते फोन करून विचारा. आणि पत्ता नीट वाचा! नायगारा फॉल्स नावाचं गाव दोन्ही देशांत आहे, एक न्यूयॉर्क राज्यात आणि एक ऑन्टारिओत, आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने ऑन्टारिओतलं हॉटेल बुक केलं, व्हिसा नव्हता, पैसे परत मिळाले नाहीत.

घरून छोटी इलेक्ट्रिक किटली, चहा पावडर, साखर, आलं घ्या. सकाळी सहाला बाबांना आल्याचा चहा मिळाला की पुढचा दिवस चांगला जातो, हे मी अनुभवावरून सांगतेय.

पायरी ४: रस्ता

एडिसनहून साधारण ४०० मैलांच्या आतबाहेर, न थांबता साडेसहा-सात तास, आई-बाबांबरोबर नऊ धरा. आम्ही २८७ ने वर जाऊन आय-८० पकडतो, पेनसिल्व्हेनियातून ३८० आणि ८१ ने बिंगहॅम्टन, मग ८६ ने कॉर्निंगच्या पुढे, तिथून ३९० ने वर आय-९० ला लागून बफेलो आणि शेवटी १९० ने ग्रँड आयलंड ओलांडून नायगारा. डोंगराळ हिरवा रस्ता आहे, आई सगळा वेळ खिडकीतून बघत होती, म्हणाली आंबोलीसारखं वाटतंय. दर दीड-दोन तासांनी रेस्ट एरिया घ्याच, कोणी मागितला नाही तरी थांबा. आपल्या आई लोकांना मुलाला-जावयाला सारखं थांब म्हणायला संकोच वाटतो, मग त्या पाणीच पीत नाहीत, आणि मग डोकं दुखतं, पाय सुजतात.

डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले, गुळाची पोळी, असं कोरडं. पार्कच्या आसपास देसी रेस्टॉरंट भरपूर आहेत त्यामुळे रात्रीच्या वरण-भाताची काळजी नाही, पण वाटेत शाकाहारी माणसाला फ्राइज आणि कॉफीशिवाय फारसं काही मिळत नाही.

आता रस्त्याची सगळ्यात महत्त्वाची सूचना. जीपीएसमध्ये नुसतं नायगारा फॉल्स टाकू नका, ते तुम्हाला थेट कॅनडाला न्यायला निघू शकतं. नायगारा फॉल्स स्टेट पार्क, न्यूयॉर्क असं टाका. शेवटच्या दोन-तीन मैलांत पाट्या नीट बघत जा, ब्रिज टू कॅनडा असं लिहिलेल्या लेनमध्ये चुकून शिरलात तर मागे वळायला जागा मिळेलच असं नाही, आणि बरोबर व्हिसा नसलेले आई-बाबा असताना पुलावर पोचणं म्हणजे विनाकारण चौकशी आणि मनस्ताप. नवरा गाडी चालवतो तेव्हा मी पुढे बसून फक्त पाट्या वाचते. दुसरं म्हणजे फोन. नदीकाठी फोन आपोआप कॅनडाचं नेटवर्क पकडतो आणि काही प्लॅनमध्ये रोमिंगचं बिल येतं, आई-बाबांच्या फोनवर तर हमखास, कारण ते तिथूनच भारतात व्हिडिओ कॉल लावतात. डेटा रोमिंग आधीच बंद करून ठेवा.

पायरी ५: बघायच्या आधी थोडं सांगून ठेवा

हे कोणी करत नाही पण करा. आपल्या मनात धबधबा म्हटलं की उंची येते. दूधसागर ३०० मीटरच्या आसपास, जोग २५३ मीटर. नायगाराचा हॉर्सशू फक्त ५७ मीटर. सासरे पहिल्यांदा बघून म्हणाले होते, एवढाच? मग पाचेक मिनिटं तिथेच उभे राहिले आणि गप्प झाले. नायगाराचं सगळं वैभव पाण्याच्या आकारमानात आहे. आपल्याला क्युसेकची भाषा कळते, खडकवासल्यातून वीस-पंचवीस हजार क्युसेक सोडले की पुण्यात भिडे पूल पाण्याखाली जातो आणि टीव्हीवर बातमी येते, तर इथे उन्हाळ्यात दिवसा रोज किमान १ लाख क्युसेक पाणी कड्यावरून पडत असतं. सेकंदाला २८ लाख लिटर. पाऊस असो नसो, कारण मागे चार महासरोवरांचा साठा आहे, ईरी सरोवरातून निघून ही नदी फक्त ५८ किलोमीटर वाहते आणि ऑन्टारिओ सरोवराला मिळते. हे सांगितल्यावर बघणाऱ्याची नजर बदलते, उंची मोजायची सोडून माणूस पाण्याकडे बघायला लागतो.

धबधबे तीन आहेत. सगळ्यात मोठा, नालेच्या आकाराचा तो हॉर्सशू, त्याचा बहुतेक भाग कॅनडात. मग सरळ रेषेतला अमेरिकन फॉल्स, ज्याच्या पायथ्याशी मोठमोठे खडक पडलेत. आणि त्याच्या शेजारी अगदी चिंचोळा ब्रायडल व्हेल. हॉर्सशू आणि बाकी दोघांच्या मध्ये गोट आयलंड नावाचं बेट आहे, तुमचा अर्धा दिवस तिथेच जाणार.

पायरी ६: पहिली संध्याकाळ

सकाळी सातला निघून चार वाजेपर्यंत पोचा. खोलीवर चहा, तासभर आराम, आणि सहाच्या सुमारास प्रॉस्पेक्ट पॉइंटला चालत जा. पार्कमध्ये जायला पैसे लागत नाहीत आणि पार्क चोवीस तास उघडं असतं. १८८५ साली झालेलं हे अमेरिकेतलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क, त्याआधी इथे काठावर गिरण्या आणि दुकानं होती आणि लोकांना धबधबा बघायलाही पैसे मोजावे लागायचे.

प्रॉस्पेक्ट पॉइंटच्या कठड्याशी अमेरिकन फॉल्सचं पाणी तुमच्या शेजारून, अगदी हात पुढे केला तर लागेल असं वाटावं इतक्या जवळून खाली जातं. पहिल्या संध्याकाळी एवढंच करा. बोट नाही, तिकीट नाही, रांग नाही. बाकावर बसा. आई त्या कठड्याला धरून वीसेक मिनिटं नुसती उभी होती आणि मग तिने हात जोडले, आणि मला एकदम भरून आलं, कारण गेल्या वर्षी हेच राहिलं होतं.

मग जेवून परत या, रोषणाईसाठी. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे रंगीत दिवे त्यानंतरच खुलतात. दहाच्या आत बघून घ्या, त्याचं कारण आहे. अमेरिका आणि कॅनडाचा १९५० सालचा करार आहे, त्यानुसार १ एप्रिल ते १५ सप्टेंबर सकाळी ८ ते रात्री १० आणि पुढे ३१ ऑक्टोबरपर्यंत रात्री ८ पर्यंत धबधब्यावर १ लाख क्युसेक ठेवायचे, आणि बाकी वेळात ५० हजारांवर आणायचे, उरलेलं पाणी वरच्या वर वीजनिर्मितीला वळवायचं. म्हणजे रात्री उशिरा जो धबधबा दिसतो तो दिवसाच्या निम्मा असतो. बाबा कोयनेला, पोफळीच्या वीजगृहात होते नोकरीला, त्यांना हे सांगितलं तर तिथेच माझ्याकडून दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले त्यांनी.

स्वेटर घेऊन जा, उन्हाळ्यातसुद्धा. नदीकाठी रात्री गार वारा असतो आणि तुषारांनी कपडे ओलसर होतात.

पायरी ७: दुसरी सकाळ, गोट आयलंड

आई-बाबा पाचला उठलेलेच असतात, त्याचा फायदा घ्या. सात वाजता गाडी घेऊन गोट आयलंडवर जा, चालत मैलभर होतं पण त्यांचे पाय पुढच्यासाठी राखून ठेवा. आधी थ्री सिस्टर्स आयलंड्स, छोट्या पुलांनी जोडलेली तीन बेटं, इथे धबधबा दिसत नाही पण कड्याकडे धावत सुटलेली नदी दिसते, फेसाळलेली, खडकांवर आपटत जाणारी. सकाळी कोणीच नसतं. सासूबाईंना अख्ख्या ट्रिपमध्ये हीच जागा सगळ्यात आवडली. लहान मुलं असतील तर हात सोडू नका आणि फोटोसाठी पाण्यात पाय घालू नका, पाणी काठाशी शांत वाटतं पण पुढे लगेच कडा आहे.

तिथून टेरेपिन पॉइंट. हॉर्सशूच्या अगदी टोकाशी कठडा आहे. आठच्या आधी पोचलात तर पाणी रात्रीच्या मापावरून दिवसाच्या मापावर चढण्याच्या वेळेला तुम्ही तिथे असाल. पाण्याचा रंग बघा, कड्यावरून वळताना बाटलीच्या काचेसारखा हिरवा दिसतो, तो विरघळलेल्या क्षारांमुळे आणि दगडाच्या बारीक भुकटीमुळे. खालचा पांढरा-तपकिरी फेस बघून सासूबाई म्हणाल्या होत्या साबण सोडलाय का कोणी, तर तोही नैसर्गिकच आहे.

इंद्रधनुष्याचं गणित सोपं आहे, सूर्य पाठीशी आणि तुषार समोर. म्हणून अमेरिकेच्या बाजूने सकाळी दिसतं आणि कॅनडाच्या बाजूने दुपारनंतर. ढग नसतील तर टेरेपिन पॉइंटला किंवा ल्युना आयलंडला सकाळी हमखास मिळतं. ल्युनाला जायला थोड्या पायऱ्या आहेत, पण उतरा, एका हाताला अमेरिकन फॉल्स आणि दुसऱ्या हाताला ब्रायडल व्हेल आणि मध्ये तुम्ही, अशी ती जागा आहे.

बेटावर निकोला टेस्लाचा पुतळा आहे. इथल्याच पाण्यावर १८९५ मध्ये ॲडम्स वीजकेंद्र सुरू झालं आणि १८९६ मध्ये वीज बफेलोपर्यंत गेली, आज घराघरात आहे त्याच एसी करंटने. त्या जुन्या वीजकेंद्राची दगडी कमानही तिथेच आणून ठेवलीय. बाबांनी कमानीपाशी बूट नीट पुसून, शर्ट खोचून फोटो काढून घेतला. तुमच्या घरात कोणी वीज मंडळातलं असेल तर इथे वेळ ठेवा.

पायरी ८: केव्ह ऑफ द विंड्स

नावात गुहा आहे पण आता गुहा नाही, लिफ्टने १७५ फूट खाली नेतात आणि ब्रायडल व्हेलच्या पायथ्याशी लाकडी जिन्यांवरून फिरायचं. हे जिने दर हिवाळ्याआधी काढतात आणि वसंतात नव्याने बांधतात, बर्फाने मोडतील म्हणून. सकाळी उघडतं तेव्हाच रांगेत उभे राहा, दुपारी दीड-दोन तास लागू शकतात.

पिवळा पोंचो, म्हणजे डोक्यावरून घालायचा पातळ रेनकोट, आणि चपला तिकिटातच मिळतात, चपला दिल्या की त्याच घाला, स्वतःचे बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत. सगळ्यात वर हरिकेन डेक, धबधब्यापासून फक्त २० फुटांवर, तिथे पाणी अंगावर बादलीने ओतल्यासारखं येतं आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ४२ इंचांपेक्षा कमी उंचीच्या मुलांना त्या डेकवर सोडत नाहीत. गुडघ्यांचा त्रास असेल तर डेकपर्यंत चढायचा हट्ट करू नका आणि करू देऊ नका. खालचे टप्पेही पुरेसे भिजवतात, आई दुसऱ्या टप्प्यावर थांबली आणि तिथूनच तिला सगळं मिळालं. मी तिच्याबरोबर थांबले, नवरा आणि बाबा वर गेले. अशी विभागणी आधीच ठरवा म्हणजे कोणाला आपल्यामुळे बाकीचे अडकले असं वाटत नाही.

आत जायच्या आधी हे बघा: कानात मशीन असेल तर काढून कोरड्या डबीत ठेवा, ते भिजलं तर परदेशात दुरुस्तीचे हाल होतात. चष्म्याला दोरी बांधा. मोबाईलला गळ्यात अडकवायचं वॉटरप्रूफ पाऊच. साडी नको. निऱ्या भिजल्या की त्या पायात येतात, ओल्या लाकडावर ते धोक्याचं आहे, पंजाबी ड्रेस किंवा पँट घाला, ओढणीला गाठ मारा किंवा गाडीतच ठेवा. कपड्यांचा एक जोड आणि टॉवेल गाडीत हवाच.

पायरी ९: मेड ऑफ द मिस्ट

कपडे बदलून, काहीतरी खाऊन मग बोट. खरं तर आधी बोट आणि मग केव्ह असा क्रम बहुतेक लोक लावतात, पण केव्हची रांग जास्त हळू सरकते म्हणून मी ती सकाळी आटपते. १८४६ पासून या नावाने बोटी चालतात, आताच्या २०२० पासूनच्या बोटी बॅटरीवरच्या आहेत, धूर नाही, इंजिनाची घरघर नाही, नुसता पाण्याचा आवाज. आपल्या बोटीवर निळे पोंचो, समोर कॅनडाच्या बोटीवर लाल.

तिकीट घेतलं की ऑब्झर्वेशन टॉवरवरून जायचं, तो पूल नदीवर अर्धवट पुढे आलाय, तिथे थांबा. अमेरिकेच्या बाजूने तिन्ही धबधबे एकत्र दिसणारी चांगली जागा म्हणजे हीच. मग लिफ्टने खाली घाटावर.

बोटीवर बसायला जागा मिळेल असं धरू नका, वीस मिनिटं उभं राहावं लागतं, म्हणून आई-बाबांना खालच्या डेकवर कठड्याशी उभं करा, एका हाताने धरायला काहीतरी हवं. जाताना अमेरिकन फॉल्स डावीकडे येतो. मग बोट हॉर्सशूच्या पोटात शिरते, तिन्ही बाजूंनी पाण्याच्या भिंती आणि समोर फक्त पांढरं, आणि तिथे बोट जागच्या जागी तोल सांभाळत थांबते. इथे मोबाईल खाली ठेवा. व्हिडिओत तसंही पांढऱ्या धुक्याशिवाय काही येत नाही. त्या दोन मिनिटांत मी आईचा हात धरला होता, तिचा चेहरा पूर्ण ओला होता आणि ती हसत होती, तेवढं मला स्पष्ट आठवतंय.

बोटीवरून उतरल्यावर अमेरिकन फॉल्सच्या कडेने वर जाणाऱ्या पायऱ्या आहेत, तिकिटात तेही येतं, पण ते तुम्ही तरुण मंडळींनी करा. आई-बाबांना घाटापाशीच थांबवा, केव्हमध्ये चढ-उतार झालेलाच असतो.

पायरी १०: वेळ उरला तर

बाबांसारखं कोणी असेल तर पॉवर व्हिस्टा. धबधब्यापासून काही मैलांवर उत्तरेला लुइस्टनकडे रॉबर्ट मोझेस वीजकेंद्र आहे, १९६१ सालचं, त्याचं हे प्रदर्शन, प्रवेश मोफत. रात्री वळवलेलं पाणी पंपाने वर तलावात चढवायचं आणि दिवसा मागणी वाढली की त्यावर वीज काढायची, आपल्या घाटघरसारखंच. जोडीच्या पंप केंद्रासकट सुमारे २,६०० मेगावॅट, आणि बाबांनी लगेच कोयनेचे १,९६० सांगितले. गच्चीवरून खालची दरीही सुंदर दिसते. तासाभरात होतं, बसायला जागा आहे, एसी आहे, दुपारच्या उन्हात चांगलं.

धबधबा पूर्वी या लुइस्टनपाशीच होता, सुमारे १२ हजार वर्षांपूर्वी. वरचा दगड टणक आणि खालचा मऊ, खालचा झिजतो, वरचा आधार जाऊन कोसळतो, असं करत करत तो ११ किलोमीटर मागे सरकला. नातवंडं बरोबर असतील तर गच्चीवरून ती दरी दाखवून हे सांगा. १९६९ मध्ये दगड तपासायला अमेरिकन फॉल्सचं पाणी काही महिने पूर्ण अडवलं होतं हेही सांगा, माझ्या मुलाला ते इतकं आवडलं की अजून विचारतो पाणी बंद करायचा नळ कुठे होता.

येताना वाटेत वॉटकिन्स ग्लेन सुचवणारे बरेच भेटतील. १९ छोटे धबधबे, फार देखणी घळ आहे, पण ८०० च्या वर दगडी पायऱ्या, त्यामुळे आई-बाबा असताना त्याच दिवशी नको. त्यापेक्षा कॉर्निंगचं काचेचं म्युझियम करा, रस्त्यातच आहे, काच फुंकून भांडी बनवताना दाखवतात आणि सगळं सपाटीवर. नाहीतर दुपारी दोनच्या आत निघून सरळ घर गाठा, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांत रात्री हरणं आडवी येतात.

आणि ते पोंचो टाकून देऊ नका, ते आपल्यालाच ठेवायला देतात. घरी आल्यावर वाळवून घडी करून ठेवा. आईने निळा आणि पिवळा दोन्ही बॅगेत भरून चिपळूणला नेले, पावसाळ्यात भाजीला जाताना निळा घालते.